हृदयाचा ताल आणि यंत्राची साथ

अकोल्यांत वा अमरावतींत ज्यांच्या घरीं वडीलमाणसाच्या छातीच्या कातडीखालीं पेसमेकर बसविलेला आहे, त्यांच्याशीं आज थोडें बोलावयाचें आहे.

हृदयाच्या आकुंचनाची आज्ञा त्याच्या उजव्या वरच्या कप्प्यांतून निघते. ती वाटेंत अडली म्हणजे नाडी मंदावते, घेरी येते. अशा वेळीं हें यंत्र बारीक तारेवाटे विजेचा सूक्ष्म स्पंद पोंचवितें. ८ ऑक्टोबर १९५८ रोजीं स्टॉकहोम येथें आर्ने लार्सन यांच्या देहांत असें पहिलें यंत्र बसविलें गेलें. तें कांहीं तासांतच बंद पडलें. परंतु पुढें अनेक यंत्रें बदलीत लार्सन २००१ पर्यंत जगले.

यंत्र प्राण राखतें, तसें क्वचित् तालहि बिघडवितें. तार तुटली, सरकली वा बॅटरी संपत आली, तर ठोके चुकून घेरी परत येते. हृदयाचे स्वतःचे ठोके यंत्रास कळेनासे झाले, तर त्याचा स्पंद ठोक्यामागच्या नाजूक क्षणीं पडून खालचे कप्पे नुसते थरथरूं लागण्याचा धोका असतो. मग रक्ताभिसरणच थांबतें. दोन तारांच्या यंत्रांत खालचा स्पंद कधीं उलट वर जातो. यंत्र त्यास नवी आज्ञा समजून पुन्हां ठोका देतें, आणि हें चक्र रहाटगाडग्यासारखें वेगानें फिरत राहतें. डॉक्टर छातीवर लोहचुंबक धरून तें तोडतात व यंत्राची मांडणी बदलतात.

आधुनिक यंत्रांत यांवर बंदोबस्त असतो. पण तो तपासून घ्यावा लागतो. नागपूर वा मुंबईहून यंत्र बसवून माणूस वऱ्हाडांत परततो, त्यास बरें वाटूं लागतें, आणि तपासणीचा फेरा आधीं कपाशीच्या वेचणीनंतर, मग लग्नसराईनंतर, असा लांबत जातो. हेंच टाळावें.

यंत्राचें ओळखपत्र जवळ ठेवावें. मनगटाची नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी. ती डॉक्टरांनी सांगितलेल्या आंकड्याखालीं गेली, विश्रांतींतहि फार जलद राहिली, वा शुद्ध हरपली, तर तत्काळ रुग्णालय गांठावें. मोबाईल यंत्रापासून निदान १५ सेंटिमीटर दूर असावा. माणूस निश्चेष्ट होऊन श्वास थांबला, तर १०८ क्रमांकास कळवून छातीच्या मध्यभागीं मिनिटास १०० ते १२० वेळां जोरानें दाबीत राहावें. त्या वेळीं यंत्राहून घरच्या माणसाचा हातच अधिक कामीं येतो.