शिबिरातलं जेवण



आपल्या धाराशिवच्या सारिका काळेला २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या वाट्याला तो बावीस वर्षांनी आला होता. हे तुम्ही ऐकलं असेलच. मी मात्र आज तिच्या जेवणाबद्दल बोलणार आहे.

वडिलांना शारीरिक अडचणींमुळे फारसं कमावता येत नसे. आई शिवणकाम करायची, घर चालायचं ते आजी-आजोबांच्या कमाईवर. जवळजवळ दहा वर्षं आपण एकवेळच्या जेवणावर काढली, असं सारिकानं स्वतःच सांगितलंय. चांगलंचुंगलं पोटभर मिळायचं ते शिबिरात, नाहीतर स्पर्धेला गेल्यावर.

तेराव्या वर्षी तिला मैदानावर नेलं ते खो-खो खेळणाऱ्या काकांनी. दुसरा कुठला खेळ परवडला असता?     इथं दोन खांब रोवले, फक्की मारली की झालं मैदान. आठ जणी पाट्यांवर आलटून-पालटून उलट तोंडं करून बसतात, नववी पाठलाग करते. तिला मागे वळायची मुभा नाही. पलीकडे जायचं तर बसलेलीला पाठीमागून खो द्यायचा.

२०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या मुलींनी सुवर्णपदक जिंकलं. कर्णधार सारिका. आणि त्याच वर्षी घरच्या ओढाताणीला कंटाळून तिनं खेळ सोडायचं ठरवलं, खोलीत स्वतःला कोंडून घेतलं. पदकानं घरात धान्य येत नाही, हो! आजीनं प्रशिक्षक चंद्रजित जाधवांच्या कानावर घातलं. त्यांनी तिची समजूत काढली आणि ती पुन्हा मैदानात उतरली. पुढे सरकारी नोकरी लागली, तुळजापूरला क्रीडा अधिकारी म्हणून. अर्जुन पुरस्कार त्यानंतरचा.

मला वाटतं, त्या नोकरीत कधी ना कधी शिबिराच्या जेवणाचा कागद तिच्या टेबलावर आला असेल. पोरींना काय वाढायचं, किती वाढायचं, हे तिला कुणी सांगावं लागलं नसणार.