फुप्फुसांतील पातळ थर व शरीराचे पहारेकरी
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)





आपल्या फुप्फुसांत सुमारे ४८ कोटी वायुकोश आहेत. त्यांच्या आतील पृष्ठभागावर एक अत्यंत पातळ थर असतो. त्यास शास्त्रज्ञ 'सर्फॅक्टंट' म्हणतात. त्यात सुमारे ९० टक्के स्निग्ध द्रव्ये व उरलेली प्रथिने असतात. हा थर पृष्ठताण कमी करतो, म्हणून श्वास सोडताना वायुकोश मिटून जात नाहीत. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांचा श्वास कोंडतो तो याच्याच उणिवेमुळे, हे मेरी एलन एव्हरी व जेरे मीड यांनी १९५९ साली दाखविले.

परंतु या थराचे कार्य एवढ्यावरच संपत नाही. त्यातील 'ए' व 'डी' ही प्रथिने जंतूंस चिकटून भक्षकपेशींस त्यांची ओळख पटवितात. उलट स्निग्ध द्रव्ये लसिकापेशींचा आवेश आवरतात. श्वासागणिक येणाऱ्या धुळीशी युद्ध मांडले, तर नाजूक वायुकोशांचाच नाश व्हावयाचा! पहारा हवा, पण दंगल नको, अशी ही व्यवस्था आहे.

मग कर्करोगाच्या गाठीपुढे हे पहारेकरी काय करतात? जपानमधील संशोधकांनी २०१३ साली एक बोधप्रद प्रयोग प्रसिद्ध केला. मानवी फुप्फुसाच्या कर्कपेशींत त्यांनी 'ए' प्रथिनाचे जनुक घातले. काचपात्रात त्या पेशींच्या वाढीत फरक पडला नाही. उंदरांच्या शरीरात मात्र गाठींची वाढ मंदावली. गाठीभोवती लढाऊ भक्षकपेशी व 'नैसर्गिक मारक' पेशी वाढल्या होत्या. या मारक पेशी काढून टाकताच सारा लाभ नाहीसा झाला. म्हणजे प्रथिन स्वतः शत्रूस मारीत नाही. ते पहारेकऱ्यांस जागे करते.

हा उंदरांवरील प्रयोग आहे, औषध नव्हे. कोणी भलती आशा बाळगू नये. परंतु धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसांत 'ए' व 'डी' ही दोन्ही प्रथिने घटलेली आढळली आहेत. विडी-सिगारेट ओढणारा मनुष्य चोरास आमंत्रण देतो आणि पहाराही कमी करतो! आमच्या पंक्तीत पानसुपारीच्या तबकाशेजारी सिगारेटची पेटी ठेवण्याची चाल जेथे असेल, तेथे ती या वर्षापासून बंद व्हावी, एवढीच आपणा सर्वांस नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.