पताका कोणाच्या हाती?

(नागभीड येथे नाट्यरसिक व कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



धानाची कापणी-मळणी आटोपली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. नागभीडहून गोंदियाकडे जाणाऱ्या गाडीत बसले की ब्रह्मपुरीनंतर वडसा येते. तेथील नाटक कंपन्या गावोगाव जातात. मंडई, शंकरपट यांच्या निमित्ताने मंडप उभे राहतात आणि तिकीट काढून आलेला प्रेक्षक रात्रभर बसतो. पहाटेपर्यंत तो उठला नाही, हाच या रंगभूमीचा निकाल. येथील हौशी तरुण चंद्रपूर केंद्रावर राज्य नाट्य स्पर्धेत उतरतो तेव्हा मात्र निकाल तीन परीक्षकांच्या गुणपत्रिकेवर लागतो. निकालाच्या रात्री एक संघ गुलाल उधळतो, बाकीचे पक्षपाताची कुजबुज करीत परततात.

ही कुजबुज नवी नाही. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांची स्पर्धा लागते. परिव्राजिका कौशिकी परीक्षक होते. वरवर सारे रीतसर. पण राजाला मालविका पाहायची आहे आणि त्यासाठीच विदूषकाने हा वाद पेटविला आहे. हरदत्ताची पाळी येण्यापूर्वीच माध्यान्ह होते आणि त्याचा प्रयोग राहून जातो. राजदरबारातील स्पर्धेची ही थट्टा महाकवीने त्या काळी करून ठेवली आहे.

तथापि प्रत्येक अनपेक्षित निकालामागे कारस्थानच असते असे मानणे अन्यायाचे होईल. पुष्कळदा दोष बेरजेचा असतो. समजा, एका धाडसी नाटकाला तीन परीक्षकांनी ९५, ७५ आणि ६० गुण दिले, बेरीज २३०. दुसऱ्या बेताच्या नाटकाला तिघांनीही ७८ दिले, बेरीज २३४. कोणीही लबाडी केली नाही, तरी ज्या नाटकाने एकाला भारावून टाकले ते मागे पडले आणि ज्याने कोणालाच अस्वस्थ केले नाही ते पुढे गेले. पुण्यात १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत २०२२ साली परीक्षकांनी करंडकास पात्र अशी एकही एकांकिका नाही असे ठरविले. करंडक कोणालाच मिळाला नाही. काहींना तो दर्जाचा आग्रह वाटला, काहींना तरुणांचा हिरमोड. दोन्ही बाजूंना रंगभूमीची कळकळच होती.

मग मार्ग कोणता? भरतमुनींनी नाट्यशास्त्रात सिद्धीचा स्वतंत्र अध्याय लिहिला, तो आजही मार्गदर्शक आहे. त्यांनी परीक्षणासाठी एकाच प्रकारचे पंडित बसविले नाहीत. यज्ञ जाणणारा, नर्तक, छंदशास्त्रज्ञ, वैयाकरण, धनुर्विद्या जाणणारा, चित्रकार, गायक, गणिका, राजसेवक अशा भिन्न जाणकारांना त्यांनी आपापल्या विषयापुरता अधिकार दिला. गुणदोषांची नोंद ठेवण्यास लेखक आणि गणक सांगितले. तरुणाला शृंगार रुचतो, शूराला युद्ध, वृद्धाला पुराणकथा, हे ओळखून त्यांनी रुचिभेद गृहीतच धरला. विजेत्याला पताका द्यायची; पण भरलेला रंगमंडप आणि गोंगाट वा क्षोभ यांचा अभाव, ही त्यांच्या मते दैवी सिद्धी होय.

या कसोटीवर झाडीपट्टीची रंगभूमी आजवर तोलली गेली आहे काय? मुंबई-पुण्याच्या पुरस्कारांची नामांकने तेथील नाट्यगृहांत दिसलेल्या प्रयोगांतून होतात. वडशाची कंपनी एखाद्या खेड्यात रात्रभर खेळ करते तेव्हा तो पाहायला परीक्षक तेथे नसतो. नसलेल्या नजरेला गुण कसे दिसणार? गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांनी पाच हजारांवर प्रयोगांत सुमारे आठशे भूमिका केल्या आणि नक्षलग्रस्त भागातील तरुणांच्या पुनर्वसनासाठीही काम केले. २०२३ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. रसिकांनी मात्र त्यांची पताका कित्येक वर्षे आधीच उभारली होती.

म्हणून दोन गोष्टी कराव्यात. आयोजकांनी निकष आधी जाहीर करावेत, परीक्षकांत झाडीबोलीचा आणि दंडार-खडीगंमतीचा जाणकार असावा, आणि प्रत्येक संघाला आपल्या गुणांची कारणे लेखी मिळावीत. कारण कळले की पराभवही शिकवतो. कारण दडले की विजयही संशयास्पद ठरतो. दुसरी गोष्ट समाजाची. पद्म पुरस्कारांसाठी सामान्य नागरिकालाही नाव सुचविता येते. आयुष्यभर तोंडाला रंग लावणारा वृद्ध कलावंत स्वतःचे कागद गोळा करीत बसत नाही. शेजारच्या शिकलेल्या तरुणाने एक रविवार त्याच्या ओसरीवर बसून जुने फलक, प्रयोगांच्या तारखा आणि छायाचित्रे नोंदवावीत. निवड होईल की नाही हे कोणाच्याच हाती नाही. पण नावच पोहोचले नाही, तर तो दोष परीक्षकाचा नव्हे, आपला ठरेल.