वेळ ही आपली पहिली मिळकत
(सटाणा येथे नवदीक्षित कुटुंबांच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या पूर्वजांजवळ जमीन नव्हती, विद्या नव्हती, हे आपण नेहमी बोलतो. परंतु त्यांच्याजवळ स्वतःचा वेळही नव्हता, याचा आपणांस विसर पडतो. महार वतनाच्या नावाखाली गावकामगारांची व सरकारी अंमलदारांची हाक येईल तेव्हा, मग ती मध्यरात्री का असेना, धावणे भाग होते. वतनदार घरी नसला तर घरातील दुसऱ्या माणसाला जावे लागे. ज्याचा दिवस दुसऱ्याच्या हुकमाने उगवतो व मावळतो, तो गुलाम होय.

ही गुलामी मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले. पुढे १९५८ सालच्या कायद्याने ही कनिष्ठ वतने नष्ट झाली. बाबासाहेब मध्यवर्ती सरकारात मजूर खात्याचे प्रमुख असताना १९४६ साली कारखान्यांचा कायदा दुरुस्त झाला आणि बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. आठवड्याचे सहा तास म्हणजे वर्षाचे ३१२ तास कामगाराच्या पदरी पडले. कायद्याने सोडवून आणलेला हा वेळ आज कोठे जातो, हा माझा आपणांस प्रश्न आहे.

काहीजण म्हणतात, "घर लहान, माणसे फार, अभ्यास करावा तरी कोठे?" परळच्या चाळीतील एका खोलीत बाबासाहेबांचे सारे कुटुंब राहत असे. रामजीबाबा त्यांना लवकर निजवीत आणि पहाटे दोन वाजता उठवून अभ्यासाला बसवीत. जागेची अडचण त्यांनी वेळेने सोडविली. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री, परिनिर्वाणापूर्वी काही तास, त्याच बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाची प्रस्तावना तपासण्यासाठी आपल्याजवळ मागवून घेतली होती. लहानपणची सवय अखेरपर्यंत सुटली नाही.

आपण पंचशील ग्रहण करतो. पाचव्या शीलात मद्याचा त्याग आहे, आणि त्याच्या पाली शब्दांतच कारणही सांगितले आहे: मद्य हे प्रमादाचे स्थान आहे. प्रमाद म्हणजे गाफीलपणा. तथागतांनी महापरिनिर्वाणापूर्वी भिक्खूंना जो अखेरचा उपदेश केला, तोही अप्रमादाचाच. तेव्हा दारू सोडली, पण रात्री मोबाईलवर दोन तास घालविले, तर शीलाचे अक्षर पाळले आणि अर्थ मोडला असे होईल.

बागलाणात कांद्याच्या काढणीला पहाटे निघून दिवस मावळता परतणाऱ्या आयाबहिणींना मी मोठे व्रत सांगणार नाही. रात्रीच्या जेवणानंतर फक्त अर्धा तास ठरवा. मोबाईल बाजूला ठेवा. एकाने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. आईला अक्षर येत नसेल तर मुलीने वाचावे. रोजचा अर्धा तास म्हणजे वर्षाचे १८२ तास होतात. एवढ्यात घरातील किती ग्रंथ वाचून होतील, याचा हिशेब आपणच करावा. मात्र वेळ ठरलेलीच असावी. सवड मिळेल तेव्हा करू, असे म्हणणाराला सवड कधीच मिळत नाही.

परंतु हा अर्धा तास मुलाला द्यावयाचा आणि मुलीला त्या वेळी भांड्यांपाशी बसवावयाचे, हे चालणार नाही. वतनाने जे आपल्या बापाचे केले, तेच आपण आपल्या लेकीचे करणार काय? घरकाम वाटून घ्या. मुलानेही पाणी भरावे, भाकरीची तयारी करावी.

आणखी एक गोष्ट. आपण लग्नाचा मुहूर्त सोडला, हे योग्यच केले. परंतु पत्रिकेवर ११ वाजता छापावयाचे आणि मंगल परिणय दुपारी दोनला लावावयाचा, यात कोणते शहाणपण? एका दिवसाची मजुरी बुडवून आलेला पाहुणा तीन तास मांडवात तिष्ठत बसतो. त्याचा वेळ घेण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? भटजीचा मुहूर्त गेला. त्याच्या जागी आपल्या शब्दाची किंमत आली पाहिजे. विहारातील वंदनाही ठरल्या मिनिटाला सुरू करा, मग तीनच माणसे हजर का असेनात.

बंधुभगिनींनो, आता आपल्याला रात्री-अपरात्री हाक मारणारा कोणी उरलेला नाही. तेव्हा स्वतःला हाक मारण्याचे काम आता स्वतःकडे आले आहे. ते आज रात्रीपासून सुरू करा.

जय भीम!