किराणा, मंडई आणि घरचा जमाखर्च



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा सुरू केली, तेव्हापासून अशा व्यासपीठांवरून देशाच्या अर्थकारणाचा ऊहापोह होत आला आहे. त्या परंपरेत आम्ही आज तूरडाळ, कांदे आणि तेलाच्या पिशव्या यांचा विषय काढावा हे काहींना चमत्कारिक वाटेल. वाणसामान कसे आणावे हे काय व्याख्यान देऊन सांगायचे, असेही कोणी म्हणेल. म्हणून आरंभीच दोन आकडे सांगतो.

सॅक्सनीतील संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल याने १८५७ साली कुटुंबांचे जमाखर्च तपासून एक नियम मांडला. कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चातला मोठा वाटा अन्नावर जातो, हा तो नियम. आपल्याकडच्या सरकारी पाहण्या तेच सांगतात. १९९९-२००० साली भारतातील शहरी कुटुंब आपल्या खर्चाच्या शंभर रुपयांतले सुमारे ४८ रुपये अन्नावर घालीत असे. २०२३-२४ च्या पाहणीत हा आकडा ४० च्या आसपास आला. खेड्यांत तो ५९ होता, तो ४७ झाला. म्हणजे परिस्थिती सुधारली, तरीही शहरात शंभरातले चाळीस रुपये अजून स्वयंपाकघराच्या वाटेनेच जातात. घर बांधताना किंवा मुलीच्या शिक्षणाचे ठरवताना सारे कुटुंब एकत्र बसते. या चाळीस रुपयांचा विचार मात्र एकट्या गृहिणीने, तोही भाजी चिरता चिरता करावा, अशी आपली अपेक्षा असते. हे बरोबर नाही, एवढे प्रथम मान्य व्हावे.

आता काटकसर म्हणजे काय हे ठरवून घेऊ. काटकसर आणि कद्रूपणा या दोन वस्तू निराळ्या आहेत. महिनाअखेर आली की दूध कमी घ्यायचे, वरण पातळ करायचे आणि सर्वांची पाने उठल्यावर घरच्या बाईने उरलेसुरले खायचे, अशी ‘बचत’ पिढ्यान्‌पिढ्या पुष्कळ घरांत चालत आली. तिची किंमत बाईच्या आणि मुलांच्या प्रकृतीने दिली. वहीत शिल्लक दिसली, ती अंगातल्या रक्तातून काढलेली होती. आम्ही आज ज्या काटकसरीविषयी बोलणार आहोत, तिची पहिली अट अशी की, ताटातले दूध, डाळ आणि भाजी यांना हात लावायचा नाही. जे पैसे कोणाच्याही पोटात न जाता वाया जातात, तेवढेच वाचवायचे.

असे पैसे वाया जातात कोठे? आमच्या मते चार ठिकाणी : बेत न करता केलेल्या खरेदीत, भलत्या वेळी केलेल्या खरेदीत, माप न पाहता केलेल्या खरेदीत आणि एकेकट्याने केलेल्या खरेदीत. या क्रमानेच जाऊ.

बहुतेक घरांत आधी दुकान आणि मग विचार असा क्रम असतो. मंडईत गेलो, मेथीच्या जुड्या हिरव्यागार दिसल्या, दोन घेतल्या. घरी आलो तर कालचा पालक तसाच पडलेला. हा क्रम उलटा केला पाहिजे. आधी डबे पाहावेत, मग आठवड्याचा बेत करावा, मग यादी लिहावी आणि मग पिशवी उचलावी. बेत म्हणजे खाणावळीसारखा फळ्यावर लिहिलेला तक्ता नव्हे. आठवड्याला एक चौकट असली की पुरे. पालेभाजी टिकत नाही, म्हणून बाजाराच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गवार, वांगी, दोडका. मध्ये दोन दिवस मटकी, मूग, चवळी यांच्या उसळी; त्यांना मंडईत जावे लागत नाही, आदल्या दिवशी भिजत घालण्याची आठवण मात्र लागते. आठवड्याच्या शेवटी लाल भोपळा आणि बटाटा, कारण ते थांबायला तयार असतात. एवढी चौकट पाळली तरी भाजी सडून टाकण्याचे प्रसंग फार कमी होतात.

दुसऱ्या दिवसाचा बेत पहिल्या दिवसाच्या पातेल्यात असतो, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. उरलेल्या वरणात कणीक भिजवून थालीपीठ, किंवा त्याच वरणात कणकेचे तुकडे सोडून वरणफळे. शिळ्या पोळीचा कुस्करा. आंबट झालेल्या ताकाची कढी. दोडक्याच्या शिरांची तीळ घालून चटणी. हे पदार्थ गरिबीची खूण म्हणून आपण मागे टाकले आणि आता तेच उपाहारगृहांत पैसे मोजून खातो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने २०२४ च्या अहवालात असा अंदाज दिला आहे की, भारतात घराघरांतून माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न कचऱ्यात जाते. त्यात साली, देठ, कोयी यांसारखा न खाण्याचा भागही धरला आहे. तो वजा केला तरी चार माणसांच्या घरात जे उरते, ते डोळ्यांवर येण्याजोगे असणार.

आता वेळेचा विचार. ही व्याख्यानमाला भरते तो काळ म्हणजे बेगमीचा काळ. गच्चीवर गहू वाळत आहेत, गव्हाला एरंडेल चोळले जात आहे, कुरडया-पापड चालू आहेत, हे दृश्य अजून पुष्कळांच्या स्मरणात असेल. या प्रथेमागे साधे अर्थशास्त्र होते. शेतमाल एका हंगामात येतो आणि वर्षभर खाल्ला जातो. आवक असते तेव्हा भाव उतरतो आणि पुढे साठवणुकीचा खर्च त्यात मिळत जातो. नवी तूर संक्रांतीच्या पुढेमागे बाजारात येते, गहू होळीच्या सुमारास, तांदूळ दिवाळीनंतर. उन्हाळी कांदा मार्च-एप्रिलपासून येतो आणि चांगला वाळलेला असेल तर हवेशीर जागी चार-पाच महिने राहतो. पावसाळा संपता संपता, नवा कांदा येण्याआधी, पुष्कळ वर्षी भाव चढतो तो यामुळेच. लाल मिरची आणि चिंच यांचाही हंगाम हाच.

परंतु बेगमी डोळे मिटून करू नये. गहू, तांदूळ, डाळी वाळवून घट्ट डब्यात ठेवल्या तर टिकतात. पीठ, शेंगदाण्याचे कूट, सुके खोबरे, तेल यांचा साठा केला तर ते खवट होतात आणि पहिल्या दोन महिन्यांत वाचलेले पैसे पुढच्या दोन महिन्यांत फेकून द्यावे लागतात. दोन खोल्यांच्या घरात वर्षाच्या गव्हाला जागा नाही, हेही खरे. अशा घराने वर्षाची बेगमी सोडून तीन महिन्यांची करावी. आणि कर्ज काढून तर बेगमी कधीच करू नये. व्याज गव्हातल्या किड्यापेक्षा जलद खाते.

तिसरी गोष्ट मापाची. पूर्वी वाण्याच्या तराजूकडे लक्ष ठेवावे लागे, आता पाकिटावरील बारीक अक्षराकडे ठेवावे लागते. एक लिटर खाद्यतेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते. समजा, शेजारी शेजारी दोन पिशव्या आहेत, एक ९१० ग्रॅमची १४७ रुपयांना आणि दुसरी ८५० ग्रॅमची १४० रुपयांना. दिसायला दोन्ही सारख्याच, आणि हात सहज १४० च्या पिशवीकडे जातो. हिशेब केला तर पहिली किलोला साडेएकसष्ट रुपये वर शंभर पडते आणि दुसरी जवळजवळ पावणेपासष्ट वर शंभर. स्वस्त दिसणारी महाग निघाली. पाकिटबंद मालाविषयीच्या २०११ च्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली, तिने ठरावीक वजनांचीच पाकिटे करण्याचे बंधन काढले. म्हणून आता निरनिराळ्या वजनांची पाकिटे दिसतात. त्याच दुरुस्तीने दर ग्रॅमची किंवा दर किलोची किंमत पाकिटावर छापणे सक्तीचे केले. किलोहून कमी वजन असेल तर ग्रॅमचा भाव, जास्त असेल तर किलोचा. आमची आपल्याला विनंती आहे की, मोठ्या अक्षरातली किंमत सोडून ही लहान अक्षरातली किंमत वाचण्याची सवय लावून घ्यावी.

‘दोन घेतल्यास एक फुकट’ ही पाटी पाहिली की स्वतःला एकच प्रश्न विचारावा : हे आपल्या यादीत होते काय? नसेल तर फुकट काहीच नाही. सुटा माल आणि पाकिटबंद माल यांचीही तुलना करून पाहावी. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकिटबंद, छाप लावलेल्या धान्य-डाळी-पिठांवर पाच टक्के कर लागू झाला, सुट्यावर तो लागला नाही. सुटा माल घेताना मात्र तो हातात घेऊन, निवडून, वास घेऊन पाहावा, आणि वजनकाट्यावर पडताळणीचा शिक्का आहे की नाही हे विचारण्यात संकोच मानू नये. फोनवरून दहा मिनिटांत सामान घरी येते, ही आजारी आणि वृद्ध माणसांना मोठीच सोय आहे. पण कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी फोन उचलला, की जुडीबरोबर पोचवणावळ येते आणि यादीत नसलेल्या आणखी दोन वस्तूही येतात.

आता चौथी आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. एवढे सारे ऐकून कोणी म्हणेल की, हा उपदेश ज्याच्या हातात एकदम चार पैसे आहेत त्याला ठीक. रोजच्या मजुरीवर रोजचे मीठ-तेल आणणाऱ्याने काय करावे? हा आक्षेप अगदी खरा आहे. ज्याच्याकडे पैसे कमी, तो पावशेर-अर्ध्या पावाने घेतो, आणि लहान पुडीत किलोचा भाव चढा पडतो. ज्याची ऐपत सर्वांत कमी त्यानेच सर्वांत महाग धान्य खावे, असा हा बाजाराचा उलटा न्याय आहे. एकट्याची काटकसर त्याला पुरी पडत नाही. त्यासाठी अनेकांनी एकत्र यावे लागते.

हे नवे नाही. इंग्लंडातील रॉचडेल गावी २८ कामकऱ्यांनी आठवड्याला काही पेन्स बाजूला टाकून प्रत्येकी एक पौंड जमविला आणि २१ डिसेंबर १८४४ रोजी एक दुकान उघडले. माल काय होता? कणीक, ओटचे पीठ, साखर, लोणी आणि मेणबत्त्या. भेसळ नाही, माप खरे, आणि नफा उरेल तो ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात परत. एवढ्या नियमांवर ग्राहक सहकाराची चळवळ जगभर गेली. आपल्याकडे मुंबईत गिरणगावच्या परिसरात १९४८ साली कामगारांनी सुरू केलेल्या संस्थेतून ‘अपना बाजार’ वाढला. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर दुकानच वगळले : शेजारच्या कुटुंबांनी संघ करावा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवावी, घाऊक खरेदी व्हावी आणि आलेला माल सभासदांनी आपणच वाटून घ्यावा.

आपल्या वाड्यात, चाळीत किंवा सोसायटीत हे करायला संस्थेची नोंदणीही लागत नाही. सहा-सात घरे पुरेत. आरंभ सर्वांना लागणाऱ्या आणि टिकणाऱ्या चार जिनसांनी करावा : गहू, तांदूळ, तूरडाळ, गूळ. पैसे आगाऊ जमा करावेत, दोघांनी भुसार बाजारात जाऊन नमुने पाहावेत, वाटप सर्वांदेखत तोलून करावे आणि टेम्पोभाड्यासह हिशेब कागदावर लिहून लावावा. उधारी पहिल्याच दिवशी नाकारावी. अशा मंडळ्या मोडतात त्या पुष्कळदा भावावरून नव्हे, उधारीवरून मोडतात. आणि घरी धुणेभांडी करायला येणाऱ्या बाईंना आपल्या मंडळीत घ्यावे. त्यांचा हप्ता आठवड्याचा ठेवावा. पाच किलोच्या भावाने डाळ मिळण्याची गरज आपल्यापेक्षा त्यांना अधिक आहे.

शेवटी एका शंकेचे उत्तर देतो. नोकरी करणाऱ्या स्त्रीने हे सारे कधी करावे? आमचे उत्तर असे की, एकटीने करूच नये. बाईचा वेळ फुकटचा धरून केलेला हिशेब खोटा असतो. पाच रुपये वाचविण्यासाठी चाळीस रुपये रिक्षाला घालून मार्केट यार्डात जाणे जसे वेडेपणाचे, तसेच दोन रुपयांच्या मेथीसाठी तिचा तास घालविणे. रविवारी अर्धा तास घरातल्या सर्वांनी बसावे. डबे पाहण्याचे काम मुलांचे, यादी लिहिण्याचे एकाचे, बाजाराचे दुसऱ्याचे. मुलांना किलोचा भाव काढायला सांगावा. त्रैराशिक त्यांना इतक्या लवकर दुसरीकडे कोठे समजणार नाही.

आणि एक महिना फक्त वही ठेवावी. काय आणले, केवढ्याला आणले, आणि काय टाकून दिले. तिसरा रकाना कोणी लिहीत नाही, पण खरी शिल्लक त्या रकान्यात लपलेली असते. महिन्याअखेर तो मिळवून पाहावा आणि जो आकडा निघेल, त्यातून पहिल्यांदा घरातल्या ज्याच्या वाट्याला दूध कमी येते त्याचे दूध वाढवावे. पुढचे पैसे पेटीत टाकावेत की सहलीला खर्च करावेत, हे ज्याचे त्याने ठरवावे.