आपली माती आपण वाचावी

(गावच्या शाळेच्या पटांगणात शेतकरी मंडळींपुढे एका शिक्षकाने केलेले भाषण)



आम्ही खेड्यातले शाळामास्तर. अध्यापक विद्यालयात शिकलो; शेतकी कॉलेजची पायरी चढलो नाही. मग मातीवर बोलण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? एका पोराच्या वहीने दिला. गेल्या पावसाळ्यात वर्गात एका वहीला जाड कागदाचे वेष्टन दिसले. उलटून पाहतो तो काय, ती त्याच्या बापाच्या शेताची जमीन आरोग्य पत्रिका! "बाबांनी वाचली का रे?" असे विचारता पोर म्हणाले, "गुर्जी, बाबा म्हणले, त्यातलं दुकानदारालाच कळतंय."

बांधवहो, ज्याला कागद कळतो तोच खत विकतो, आणि ज्याचे शेत तो मुकाट्याने पैसे मोजतो! अवघड शब्दांच्या आड ज्ञान कोंडून ठेवण्याचा खेळ या देशात फार जुना आहे. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. शेतकऱ्याच्या अज्ञानावर कोण पोसतो, हे त्यांनी त्यात दाखविले; आणि शेताचा कस पावसाने वाहून जाऊ नये म्हणून बांध घालावेत, असेही त्यातच सांगितले. विद्या आणि माती, दोन्ही हातची जाऊ द्यावयाची नाहीत. म्हणून आज तो कागद आपण मिळून वाचू. त्यातले शब्द नवे असले तरी वस्तू तुमच्या ओळखीच्याच आहेत.

प्रथम माती आली कोठून? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे लाव्ह्याचे थरावर थर साचले. त्याचा काळा दगड ऊनपावसाने झिजून मुरूम झाला, मुरमाची माती झाली. लातूरची काळी ही त्याच दगडाची लेक. नांदेडात देगलूर-बिलोलीकडे जा, तेथे खाली ग्रॅनाइट सापडतो. म्हणून तिकडे कित्येक ठिकाणी माती तांबूस व रेताड. जसा खडक, तशी माती. परंतु तीही सर्वत्र सारखी नाही. माळावर वीतभर, तर नदीकाठी पुरुषभर खोल. वाटणीच्या वेळी भाऊभाऊ एकर मोजतात, खोली कोणी मोजीत नाही. मग एकाच्या वाट्याला जमीन येते आणि दुसऱ्याच्या वाट्याला नुसता मुरूम.

दुसरा शब्द 'पोत'. वाळू, पोयटा व चिकणमाती यांचे प्रमाण म्हणजे पोत. चिकणमातीचा कण मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही बारीक असतो. ओली माती चिमटीत दाबून तिची पट्टी काढा. लांब पट्टी निघाली तर माती भारी, लगेच तुटली तर हलकी. आपल्या काळीतील हे कण पानांच्या चळतीसारखे असतात. मध्ये पाणी शिरले की फुगतात, वाळले की आकसतात. म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची माती त्या भेगांत पडून खालवर होते, म्हणजे काळी आपली आपणच नांगरते.

तिसरा शब्द 'जलधारणा'. काळी पुष्कळ पाणी धरते, म्हणून पावसाळा सरल्यावरही तिच्यात हरभरा व ज्वारी येते. मुरमाड रानात मात्र पंधरा दिवस उघडीप झाली की सोयाबीन माना टाकते. तथापि काळीत धरलेले सर्व पाणी पिकाचे नव्हे; शेवटचा ओलावा कण इतका घट्ट धरतात की मुळास तो ओढता येत नाही. जादा पाणी निथळून जाते, मातीच्या पोकळीत ओल व हवा दोन्ही नांदतात आणि औत चालते, त्या वेळेस तुम्ही काय म्हणता? वाफसा! तो ओळखणे तुम्हांस कोणत्या कॉलेजाने शिकविले?

आता 'सामू' घ्या. सात हा मध्य. त्याखाली आम्ल, त्यावर विम्ल. एक अंक वाढला की विम्लता दहापट वाढते. आमच्या चुनखडीच्या रानांत सामू बहुधा आठाच्या आसपास असतो. अशा मातीत लोह असूनही पिकास मिळत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्यावर युरियाचे पोते ओतणे म्हणजे डोके दुखते म्हणून पायाला पट्टी बांधणे होय.

'विद्युत वाहकता' हा शब्द ऐकून घाबरू नका. तो मातीतल्या विरघळलेल्या क्षारांचा अंदाज आहे. उसाला बेसुमार पाणी पाजून निचरा न ठेवला की क्षार वर येतात आणि रान खारवट होते. चोपण निराळी, तिच्यात सोडियम कणांना चिकटतो, तिला जिप्सम व निचरा दोन्ही लागतात.

सर्वांत मोठा शब्द 'सेंद्रिय कर्ब'. तो ०.४० टक्क्यांखाली गेला तर आपल्या राज्यात कमी धरतात. किलोभर मातीत चार ग्रॅमही नाही! तो शेणखत, पालापाचोळा व मुळ्या कुजून येतो. आणि आम्ही काय करतो? पऱ्हाट्या, भुसकट, धसकटे बांधावर जाळतो. उकिरडा उन्हापावसात उघडा टाकतो. हा दोष दुकानदाराच्या माथी मारता यावयाचा नाही.

शेवटी नमुन्याविषयी. २०१५ साली ही पत्रिका सुरू झाली तेव्हा कोरडवाहूत दहा हेक्टरांस व बागायतीत अडीच हेक्टरांस एक नमुना, असा हिशेब होता. म्हणजे तुमच्या नावाची पत्रिका शेजाऱ्याच्या मातीची असू शकते. म्हणून आपला नमुना आपणच घ्यावा. एकसारख्या रानात नागमोडी फिरून आठदहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा करावा व त्याच्या बाजूची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घ्यावी. बांध, झाडाखालची जागा, विहिरीजवळची जागा व खताचा ढीग टाळावा. सर्व माती मिसळावी, चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाकावेत, आणि अर्धा किलो उरेपर्यंत असेच करावे. ती सावलीत वाळवून प्रयोगशाळेत द्यावी. काळी व मुरमाड एकत्र करू नये.

आणि कागद आला की शाळेत घेऊन या. तुमची मुलेच तो तुम्हांस वाचून दाखवतील, एवढी तयारी आम्ही सातवीच्या वर्गाकडून करून घेतली आहे. ज्या मुलाच्या वहीवर ती पत्रिका होती, त्याने आता वहीला वर्तमानपत्र चढविले आहे, आणि पत्रिका घरच्या भिंतीला लावली आहे.