उंबरठ्यापलीकडची आई

मैत्रिणींनो, मघाशी आपण 'उंबरठा' पाहिला, त्यावरच बोलते. शांता निसळांच्या 'बेघर' कादंबरीवरून जब्बार पटेलांनी १९८२ साली केलेला हा चित्रपट. सुलभा महाजन समाजकार्य शिकलेली, म्हणजे माझ्याच पेशातली. नवरा आणि लहान मुलगी घरी ठेवून ती महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून जाते.

चित्रपट संपला आणि पहिला प्रश्न आपल्यातूनच आला, "पण लेकराचं काय?" नवऱ्यानं दुसरी बाई जवळ केली, त्यावर चकार शब्द नाही!

फ्रॉइडनं घराची गोष्ट सांगितली ती लेकराच्या बाजूनं. त्यात आई म्हणजे लेकराला हवी असणारी कुणीतरी. तिला स्वतःला काय हवंय, याला जागा नाही. स्त्रीवाद्यांचं त्याच्याशी भांडण इथंच आहे. लॉरा मल्वीनं तर १९७५ साली मनोविश्लेषणाचीच हत्यारं घेऊन दाखवलं, की पडद्यावर पाहणारा पुरुष असतो आणि बाई पाहिली जाते. स्मिता पाटील मात्र इथं स्वतः पाहते: आश्रमातल्या बायांकडे, समितीच्या माणसांकडे. ते आपल्यालाही अवघड जातं, बरं का. 'माहेरची साडी'ला (१९९१) आपण पदर भिजवला, कारण तिथली सून सोसते.

माझंही सांगते. सल्ला केंद्रात एक बाई आली, दोन लेकरं सासरी ठेवून. मी आधी लेकरांचंच विचारत बसले. ती म्हणाली, "ताई, लेकरं बरी हायत. माझं कवा इचारणार?"

तिच्या अर्जावर मी 'मुलांचा प्रश्न' असं लिहिलं होतं. ते खोडलं.